टाळ्या वाजवायचे १५०० रुपये

टीव्हीवरच्या गेम शोचं रेकॉर्डिंग दाखवायला नेतो म्हणून कुणी पासचे पैसे मागत असेल, तर देण्याआधी हे वाचा.

आमच्या कोथरूडच्या भिशीच्या ग्रुपवर पोस्टर आलं. नवा गेम शो, बक्षीस १ कोटी, रेकॉर्डिंग गोरेगावच्या फिल्मसिटीत, माणशी १५०० रुपये, बस आणि जेवण धरून. खाली लाल अक्षरांत 'प्रेक्षकांतून स्पर्धक निवडणार'. माणूस ओळखीच्या ओळखीतला, जिभेवर साखर. सगळ्यांनी भरले पैसे.

बस कर्वे पुतळ्यापासून वेळेवर सुटली आणि स्टुडिओसुद्धा खराच निघाला! फोन काढून घेतले, मनगटाला कागदी पट्ट्या बांधल्या. सूत्रसंचालकाचा पत्ता नव्हता, तरी एक पोरगा आम्हाला रिकाम्या खुर्चीकडे बघून टाळ्या वाजवायला लावत होता, मग 'अरेरे' करायला. ते म्हणे नंतर जोडतात. निघताना दाराशी रजिस्टर होतं. माझ्या नावापुढे 'मानधन ५००' आणि सही झालेली. खाली आमच्या प्रत्येकीच्या नावापुढे त्याच हाताची, त्याच शाईची सही. म्हणजे गृहस्थाने माणसं पुरवली म्हणून तिकडून घेतले आणि इकडून आमच्याकडूनही. अशा शोंना खुर्च्या भरायला माणसं हवीच असतात. कोऑर्डिनेटर ती गोळा करतात, पुष्कळदा पैसे देऊन. आम्ही उलट पैसे मोजून कामाला गेलो होतो.

तेवढ्यावर भागलं असतं तर लोणावळ्याची ट्रिप झाली म्हणून सोडून दिलं असतं. पण नंतर ग्रुपमधल्या एका काकूंना फोन आला: 'तुमची स्पर्धक म्हणून निवड झालीय, २५ लाख नक्की, फक्त टॅक्सचे १२,००० आधी भरा.' काकूंनी भरले. मुलाला सांगितलं नाही, कारण त्याला म्हणे सरप्राइज द्यायचं होतं.

गेम शोमध्ये जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर असतो, हे खरं. पण रोख बक्षिसातून तो देणाराच कापून घेतो आणि उरलेले पैसे हातात देतो. आधी भरा ही भानगडच नसते. 'कौन बनेगा करोडपती'चंच घ्या. २००० साली सुरू झालेला कार्यक्रम. तिथे प्रश्नाचं उत्तर पाठवून नाव नोंदवायचं, मग फोन, मग ऑडिशन. निवडीसाठी कुणाच्या खात्यात पैसे टाकावे लागत नाहीत. त्याच्या नावाने २५ लाखांच्या लॉटरीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज किती वर्षं फिरताहेत!

काकूंनी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, पण बऱ्याच उशिराने. लगेच कळवलं तर समोरच्या खात्यात पैसे अडवता येतात; यांचे तोवर काढले गेले होते. तक्रार नोंदवली आहे.

पोस्टर आता सिंहगड रोडच्या ग्रुपांवर दिसतंय. शोचं नाव वेगळं, पास १८००, मोबाइल नंबर मात्र तोच. तुमच्याकडे आलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा, आमच्या तक्रारीला जोडता येईल.