कोळ्याची होडी की कोळ्याचे घर?

इटलीच्या किनाऱ्यावर मच्छीमारांचे जगणे जवळून पाहू इच्छिणाऱ्या प्रवाशापुढे दोन पर्याय असतात. ‘पेस्कातुरिस्मो’त तो प्रत्यक्ष मासेमारीच्या होडीवर जातो, तर ‘इत्तितुरिस्मो’त किनाऱ्यावरच कोळ्याच्या घरी राहतो किंवा जेवतो. 1999 च्या नियमावलीनुसार होडीवर जास्तीत जास्त 12 पाहुणे नेता येतात आणि चौदा वर्षांखालील मुलांसोबत प्रौढ व्यक्ती असावी लागते. तीनपदरी जाळे ओढताना त्यात अडकलेला प्रत्येक मासा हाताने सोडवावा लागतो; ते पाहिल्यावर बाजारातल्या भावाविषयी घासाघीस करण्याची इच्छा उरत नाही. मात्र वारा फिरला की फेरी रद्द होते, आणि ज्याला बोट लागते त्याने हा हट्ट धरू नये.

इत्तितुरिस्मोत समुद्र खिडकीतूनच दिसतो, परंतु ताट बोलके असते. अमाल्फी किनाऱ्यावरील चेतारा गावात खारवलेल्या अँकोव्ही माशांपासून निथळणारा ‘कोलातुरा’ हा अर्क स्पगेटीवर घालतात. वृद्ध आईवडील सोबत असतील तर मी निःसंशय घरच निवडेन. एकट्याने जायचे असल्यास होडी.