सात महिने, बारा पुस्तकं आणि एक सपाट ब्रेल

हा लहान मुलांच्या चित्रगोष्टींचा संच. कोणता ते बालवाडी-बालवाचनालयवाल्यांना सांगायला नको. चौकोनी, गुळगुळीत, २४-२४ पानांची बारा पुस्तकं, पेटीवर 'दयाळूपणा आणि समावेशन' (म्हणजे सगळ्यांना सोबत घेणं), किंमत १,४४०. म्हणजे पुस्तकामागे १२० रुपये. जून ते डिसेंबर, चार ते सात वर्षांच्या मुलांच्या गटांत वापरून झाला. बाकीचे तपशील विक्रीच्या पानावर आहेतच. हे लिहायला भाग पाडलं ते सातव्या पुस्तकातल्या एकोणिसाव्या पानाने.

गोष्ट अंध मुलीची. एकोणिसाव्या पानावर तिचं नाव 'कमल' ब्रेलमध्ये, म्हणजे बोटाने वाचायच्या टिंबांच्या लिपीत आहे आणि खाली ओळ: 'बोट फिरवून बघ!' मूल डोळे मिटून बोट फिरवतं. लागतं काय, तर गुळगुळीत आर्ट पेपर. ब्रेल शाईने छापलाय! वर तो शोभेसाठी एवढा मोठा केलाय की एकेक अक्षर अंगठ्याएवढं झालंय. खऱ्या ब्रेलमध्ये शेजारच्या दोन टिंबांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे पूर्ण अक्षर एका बोटाच्या टोकाखाली मावतं. इथे छापलेली टिंबं उठावाची असती तरी वाचता आली नसती. प्रकाशकाला दोनदा कळवलं. उत्तर आलं, 'ती केवळ सजावट आहे, पुढील आवृत्तीत विचार करू.' सजावट! मग 'बोट फिरवून बघ' कशाला लिहिलंत?

दुरुस्ती घरी होते, पण पहिले दोन उपाय फसतात. पांढऱ्या गोंदाचे थेंब वाळताना बसतात आणि सकाळी पान पुन्हा सपाट. कापडावर रंगवायची थ्रीडी आउटलायनरची नळी उठाव देते, पण तिचा थेंब पसरतो आणि शेजारची टिंबं एकमेकांना चिकटतात. चालतं ते एकच: ब्रेलची पाटी (अक्षरांच्या खिडक्या असलेली चौकट) आणि स्टायलस (टोचणी). अंध मुलांच्या शाळेत विचारलं की कुठे मिळेल ते कळतं. जाड कार्डशीटची पट्टी पाटीत अडकवायची आणि उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, कारण टिंबं पलीकडच्या बाजूला उठतात. ब्रेलच्या अक्षरात सहा टिंबांच्या जागा असतात, वाचताना डावीकडे वरून खाली १-२-३ आणि उजवीकडे ४-५-६. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये) क म्हणजे टिंब १ आणि ३, म म्हणजे १, ३, ४ आणि ल म्हणजे १, २, ३. टोचताना १-२-३ चा रकाना उजवीकडे येतो. इथेच सगळे चुकतात आणि नाव आरशातलं होतं. पट्टी उलटून बोटाने तपासायची आणि पानावर लावताना डिंक फक्त कडांना. पूर्ण पाठीला लावला तर कागद ओला होऊन टिंबं बसतात. एका पट्टीला दहा मिनिटं लागतात. छापखान्याला हे जड होतं असं नाही, लग्नपत्रिकेवरचा गणपती उठावाचा येतोच की.

ह्या एका पानावर एवढं का अडायचं? कारण पुस्तक नीट वाचलं की कळतं, कमललाही गोष्टीत असंच शोभेपुरतं घेतलंय. मुलं तिला खेळायला घेतात, पण ती बाद झाली तरी धरत नाहीत. आपल्याकडे ह्याला नेमका शब्द आहे, लिंबूटिंबू. लहान भावंडाला आईच्या धाकाने खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही. पहिल्यांदा वाचताना वाटतं, किती गोड गोष्ट. तिसऱ्या वाचनाला मुलंच म्हणतात, 'ही लिंबूटिंबू आहे.' बारापैकी पाच पुस्तकांत हाच प्रकार आहे. आणखी दोनांत उलटं टोक: अपंग मुलगा शेवटी स्पर्धा जिंकतो आणि मग त्याला मित्र मिळतात. न जिंकणाऱ्याने काय करायचं?

घेण्याआधी दुकानातच तपासायची सोपी युक्ती: ज्या वेगळ्या मुलाची गोष्ट आहे त्याच्या तोंडी किती वाक्यं आहेत ते मोजायचं. ह्या संचातल्या चार पुस्तकांत उत्तर शून्य आहे. दुसरं, शेवटचं पान आधी उघडायचं. तिथे 'तात्पर्य' असेल तर पान क्लिपने बंद करून वाचायचं. उपदेश ऐकला की मुलं कोरसमध्ये 'मदत करायची!' म्हणतात आणि विषय संपतो.

भाषेचंही बघा. अनुवाद इंग्रजीवरून आहे हे 'दयाळू हो' वरून लगेच कळतं. मराठीत दया 'येते', आणि ती आली की मागोमाग 'बिचारी' येते. वाचताना गटातून 'अरेरे' ऐकू आलं की समजायचं, गाडी कीवेकडे वळली. 'दयाळू हो'ऐवजी 'तिला विचार', 'जागा दे', 'राज्य घेऊ दे' असं म्हटलं की मुलांना करायचं काय ते कळतं.

वाचायची पद्धत. गट आठ जणांचा, जास्तीत जास्त दहा. हे पुस्तक सहा फुटांवरून दिसत नाही. पहिलं वाचन सलग, मध्ये एकही प्रश्न नाही. दुसऱ्या दिवशी फक्त चित्रं. तिसऱ्या दिवशी एकच प्रश्न, आणि तो माणसाबद्दल नाही तर जागेबद्दल: 'ह्या चित्रात कोणाला आत जाता येत नाहीये? काय आड येतंय?' 'तिला काय होतंय?' विचारलं तर उत्तर पायांवर जातं. 'काय आड येतंय?' विचारलं की पायऱ्यांवर.

तिसऱ्या पुस्तकाने इथे मत बदलायला लावलं. सुरुवातीला ते सर्वांत रटाळ वाटलं होतं. चाकाच्या खुर्चीतला मुलगा, शाळेच्या तीन पायऱ्या आणि मित्र येऊन त्यावर फळी टाकतात. पण त्यातल्या चुकीतूनच बारा पुस्तकांतला सर्वांत चांगला तास निघतो. उताराचं प्रमाण १:१२ लागतं, उंचीच्या बारापट लांबी, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर आणि तीन पायऱ्यांना ५.४ मीटर. चित्रातली फळी दीड मीटरचीही नसेल, खुर्ची मागे कलंडेल. मुलांना मोजपट्टी देऊन आपल्या दारातली पायरी मोजू द्या आणि अंगणात खडूने तेवढी लांबी आखू द्या. रेघ फाटकापर्यंत पोचली की त्यांचे चेहरे बघा. ह्या पुस्तकाचा एक तारा वाढवला.

नवव्या पुस्तकाचं मलपृष्ठ मात्र चिकटपट्टीने झाका. तिथे ऐकू न येणाऱ्यांसाठीची म्हणून जी बोटांची अक्षरं दिली आहेत ती अमेरिकन, एका हाताची आहेत. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दोन हातांनी करतात. दिल्लीच्या आयएसएलआरटीसीचा (भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा) दहा हजार शब्दांचा कोश २०२१पासून आहे, त्यातून 'ये', 'खेळ', 'पाणी' एवढे तीन संकेत शिकवले तरी पुष्कळ.

डब्याच्या पुस्तकाबद्दल थोडक्यात: सगळ्यांचे डबे उघडतात आणि एकातही अंडं किंवा सुकट नाही. नाक मुरडलं जातं ते ह्याच डब्यांपाशी, आणि पुस्तकात तेच गायब. रंगावरचं पुस्तक चांगलं आहे. फक्त ते काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर वाटू नका. सावळे चेहरे काळे डाग होतात, नाक-डोळे दिसत नाहीत, आणि पुस्तकाने जे सांगायचं त्याच्या उलट कागद सांगतो.

पैसे वाचवायचे असतील तर सगळा संच घेऊ नका. तिसरं, चौथं, रंगाचं आणि (ब्रेलची पट्टी लावायची तयारी असेल तर) सातवं, असे सुटे घ्या, ४८० रुपयांत होतं. उरलेल्यासाठी प्रथम बुक्स ह्या प्रकाशनसंस्थेचं स्टोरीवीव्हर हे मुलांच्या गोष्टींचं संकेतस्थळ आहे. २०१५पासून चालू आहे, गोष्टी फुकट उतरवता येतात आणि परवाना खुला आहे. श्रेय दिलं की भाषांतर करून छापायलाही हरकत नाही. म्हणजे पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या बोलीत ओळी घालता येतात, हे विकतच्या संचात होणार नाही. सोळा पानांचं पुस्तक चार ए-फोर कागदांवर पाठपोट बसतं. पिना घडीवरच मारा, लांब हाताचा स्टेपलर लागतो.

संचाला पाचपैकी तीन तारे. एकोणिसाव्या पानाचा अर्धा कापलाय, पट्टी आपण लावली म्हणून तो परत मिळणार नाही. पट्टी लावलेलं पुस्तक कपाटात दाबून उभं करू नका किंवा ढिगाखाली ठेवू नका, महिन्याभरात टिंबं बसतात. सुतळीवर चिमट्याने टांगलेलं बरं.