रबाळ्याहून करून आणलेला रिसीव्हर प्रोटेक्टर: पैसे वसूल

एकाच इमारतीत हॅम रेडिओचा ट्रान्समीटर आणि वेगळ्या अँटेनावरचा एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर), असा संसार असेल त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझा 50 वॅटचा सेट आहे, 40 मीटर बँडचा (7 मेगाहर्ट्झ) डायपोल अँटेना ठाण्यात कोलशेतच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, आणि एसडीआरसाठी गॅलरीच्या ग्रिलपासून वर कठड्यापर्यंत ओढलेली तार. शेजारच्या विंगमधले काका 100 वॅटवर बोलतात. रबाळे एमआयडीसीत एक जण मागणीप्रमाणे प्रोटेक्टर, म्हणजे जवळच्या ट्रान्समीटरच्या माऱ्यापासून रिसीव्हर वाचवणारा डबा, करून देतात, त्यांच्याकडून 1,850 रुपयांना हा घेतला.

आधी धोका किती ते मोजलं. तारेच्या टोकाला रिसीव्हरऐवजी 50 ओहमचा रोध लावून ऑसिलोस्कोप जोडला आणि फक्त 5 वॅटवर की (ट्रान्समिटचं बटण) दाबली, तर 1 व्होल्ट पीक! म्हणजे 10 मिलीवॅट. 50 वॅटला हेच सव्वातीन व्होल्टच्या आसपास, 100 मिलीवॅट होणार. +10 डीबीएम, म्हणजे 10 मिलीवॅटपर्यंतच सोसणाऱ्या एसडीआरच्या हे दहापट झालं. अशा माऱ्याने सेट लगेच बंद पडेल असं नाही, कधी कधी तो नुसता बहिरा होत जातो आणि आपण बँड थंड आहे म्हणून बसतो.

झाकण उघडून पाहिलं. तारेच्या बाजूला वीज-वादळासाठी 90 व्होल्टची गॅस ट्यूब, मग 6.3 व्होल्टचा छोटा बल्ब, मग उलटसुलट जोडलेले, जादा व्होल्टेज कापणारे 1एन4148 डायोड आणि शेवटी पीटीटीवर (की दाबल्याच्या सिग्नलवर) चालणारा रिले. पुष्कळ जण फक्त गॅस ट्यूब लावून निर्धास्त होतात, पण ती 90 व्होल्टलाच पेटते, आणि 50 ओहमच्या लाइनवर 90 व्होल्ट पीक म्हणजे 81 वॅट. तोवर रिसीव्हर केव्हाच गेलेला असतो. खरं काम रिलेचं: की दाबली की तार तोडतो आणि रिसीव्हरचं इनपुट जमिनीला टेकवतो. रिलेला पाच-दहा मिलिसेकंद लागतात, तेवढा वेळ डायोड सांभाळतात. थंड बल्ब साधारण 5 ओहमचा, त्यामुळे सिग्नलचा जेमतेम अर्धा डीबी जातो. ठाण्यातल्या एलईडी दिव्यांच्या आणि लिफ्टच्या गोंगाटात तो जाणवतही नाही. जास्त करंट आला की बल्ब तापतो, त्याचा रोध वाढतो आणि डायोड जळत नाहीत.

काकांच्या सेटची पीटीटी माझ्यापर्यंत येणार नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी भिस्त डायोडवरच. ते बोलत असताना स्कोपवर लाटेचे माथे पाऊण व्होल्टच्या आत सपाट कापलेले दिसले. ते पाहून फार बरं वाटलं.

पण डायोडचा एक त्रास आहे आणि मुंबई-ठाण्यात तो होणारच. आकाशवाणीची 558 आणि 1044 किलोहर्ट्झची स्टेशनं इथे दणकून येतात. डबा लावल्यावर भर दुपारी 1530 किलोहर्ट्झवर दोन्ही कार्यक्रम एकात एक मिसळून ऐकू यायला लागले. 1044 ची दुप्पट वजा 558, बरोबर 1530. तिथे कुठलंही स्टेशन नव्हतं, डायोडच ते तयार करत होते. डब्यातला जंपर काढला की प्रत्येक बाजूला दोन-दोन डायोड येतात आणि हे भूत जातं, पण मर्यादा +16 डीबीएमवर चढते. म्हणून मी डबा आणि एसडीआरच्या मध्ये सिग्नल कमी करणारा 6 डीबीचा अ‍ॅटेन्युएटर लावलाय, हिशेब पुन्हा +10 वर. 7 मेगाहर्ट्झवर बँडचाच आवाज इतका असतो की 6 डीबी गेल्याने काही ऐकायचं राहत नाही.

तक्रारी दोन. पीटीटीचं सॉकेट ढिलं होतं. वायर हलली की रिले सुटायचा. परत नेलं, त्यांनी पैसे न घेता बदलून दिलं. दुसरं म्हणजे डब्यात डीसी अडवणारा कपॅसिटर नव्हता. एसडीआरचं बायस-टी (अँटेनाच्या तारेतून डीसी पाठवायची सोय) चुकून चालू झालं तर साडेचार व्होल्ट थेट डायोडमधून जातील. मागितल्यावर लावून देतात, तेव्हा ऑर्डर देतानाच सांगा. आणि मास्टवर (अँटेनाच्या खांबावर) सिग्नल वाढवणारा प्रीअ‍ॅम्प असेल तर हा डबा त्याला वाचवत नाही, तो फक्त आपल्यामागचं वाचवतो.

पीटीटीची वायर जोडणार असाल तर डोळे झाकून घ्या. नुसत्या डायोडवर चालवणार असाल तर जंपर आणि अ‍ॅटेन्युएटरचा खर्च धरूनच घ्या.