बरणीतले ब्रोकोलीचे मोड आणि फेसलेली मोहरी : सात महिन्यांचा अनुभव

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची बाटली आली. साठ कॅप्सूल, 1,480 रुपये. ह्यांना साठ पूर्ण झाली होती आणि आता नीट काळजी घ्यायला हवी असं माझ्या मनाने घेतलं होतं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "नॅचरल है आंटी, कुछ नहीं होता." ह्यांनी जवळजवळ दोन महिने अगदी नेमाने घेतल्या.

दिवाळीला नणंदेचा मुलगा फराळाला आला. तो डॉक्टर आहे. हातातली ताटली बाजूला ठेवून त्याने बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि विचारलं, "मामी, मामांनी सिगारेट किती वर्षं ओढली?"

"बावीस. सोडून नऊ झाली."

"मग हे आजपासून बंद करा."

त्या बाटलीत बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजराला केशरी रंग देणारं द्रव्य, होतं. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती आणि तिचा निकाल 1994 मध्ये आला. रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, उलट 18 टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतल्या तशाच एका चाचणीत सिगारेट सोडलेले लोकही होते. नुकसान दिसू लागल्यामुळे ती 1996 मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या हाताने मी ह्यांना रोज ती कॅप्सूल देत होते. बाटलीवर याबद्दल एक ओळही नव्हती, याचा राग अजून गेलेला नाही.

मग भाच्याने जे समजावलं त्यावरून पुढचे सात महिने ठरले. पेशींना इजा करणाऱ्या रसायनांपासून शरीर स्वतःचं संरक्षण स्वतः तयार करतं. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन ही सगळी संरक्षक द्रव्यं आपल्या पेशींतच बनतात. कॅटलेज तर डोळ्यांनी बघता येतं. मी नातवासमोर कच्च्या बटाट्याच्या फोडीवर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड चार थेंब टाकलं. क्षणात पांढरा फेस आला, थेट दुधाला उकळी आल्यासारखा. तो फेस म्हणजे पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन झाल्याची खूण. जखमेवर तेच औषध फसफसतं ते आपल्या रक्तातल्या कॅटलेजमुळे. नातवाने सहा फोडी संपवल्या आणि मी तितक्याच वेळा बघत राहिले. हे आपल्या आत अखंड चालू असतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटली.

ही यंत्रणा जागी करणारं एक प्रथिन पेशीत असतं, एनआरएफ-2. एरवी कीप-1 नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं. थोडासा ताण आला, चालण्याचा किंवा काही तिखट वनस्पतींचा, की ती पकड सुटते, एनआरएफ-2 पेशीच्या केंद्रकात जातं आणि संरक्षणाची जनुकं सुरू करतं. पकड सोडवणाऱ्यांत नावाजलेलं आहे सल्फोराफेन, ब्रोकोलीसारख्या भाज्यांतून मिळणारं एक रसायन. ब्रोकोलीच्या तीन दिवसांच्या मोडांमध्ये ते ज्यापासून बनतं तो पदार्थ मोठ्या गड्ड्याच्या 10 ते 100 पट असतो, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पॉल टॅलले यांच्या गटाने 1997 मध्ये दाखवलं.

म्हणून नोव्हेंबरात बरणी आणली. काचेची, एक लिटरची, तोंडाला स्टीलची जाळी. बियांच्या बाबतीत मात्र सांभाळा. शेतीच्या बियाण्याच्या एका दुकानात मला ब्रोकोलीचं गुलाबी बी दिलं जात होतं. तो रंग बुरशीनाशकाचा असतो, ते बी पेरायचं असतं, खायचं नाही. खाण्याचे मोड आणण्यासाठीचं, काही न लावलेलं बीच मागा. मला 100 ग्रॅम 360 रुपयांना पडलं आणि ते दोन महिने पुरलं.

कृती सोपी आहे. दोन चमचे बी रात्रभर भिजवायचं, सकाळी पाणी काढून बरणी तिरकी उलटी ठेवायची आणि दिवसातून तीन वेळा धुवायचं. आमच्या इंदूरला येणारं नर्मदेचं पाणी मी उकळून गार करून वापरते. तिसऱ्या दिवशी मुळांना पांढरी लव येते. मी पहिली बरणी बुरशी समजून फेकून दिली, आणि अनेकजण हेच करत असणार. ती मुळांची केसं असतात. पाणी घातलं की लगेच चिकटून बसतात आणि दिसेनाशी होतात. खरी बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी बियांवरून पसरते आणि तिला कुबट वास येतो. चौथ्या दिवशी इवलीशी हिरवी पानं उघडतात. चव कोवळ्या मुळ्यासारखी, मागाहून झणझणीत. पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाल्याच्या जोडीला मूठभर घालायची मला सवयच लागली. पोहे जरा निवू द्यायचे एवढंच.

निवू द्यायचे, कारण तो पदार्थ आपोआप सल्फोराफेन होत नाही. मोड चावले की त्यातलं मायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) मोकळं होतं आणि ते हे काम करतं. उष्णतेने ते मरतं. इथे सासूबाई आल्या. त्या 84 वर्षांच्या, त्यांना कच्चे मोड द्यायची माझी तयारी नव्हती. दमट, कोमट बरणीत जंतूही मजेत वाढतात. 2011 मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलायने पन्नासहून अधिक माणसं दगावली. म्हातारी माणसं, गरोदर बायका, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चे मोड खाऊच नयेत. नातवालाही मी ते दिले नाहीत.

सासूबाईंसाठी मी ब्रोकोली वाफवते आणि ताटात वाढताना वरून फेसलेली मोहरी घालते. मोहरीतही मायरोसिनेज असतं. शिजवलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड घातली तर शरीराला मिळणारं सल्फोराफेन चौपटीहून वाढतं, असं 2018 च्या एका अभ्यासात दिसलं. मी खलबत्त्यात मोहरी, चिमूटभर मीठ आणि चमचा चमचा पाणी घालत फेसत होते, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अगं, नाकात गेली का? नाही ना? मग अजून फेस." त्यांच्या आईने काकडीच्या कोशिंबिरीसाठी त्यांना असंच शिकवलं होतं. नाकात जाणारा तो झणका म्हणजेच विकराचं काम पूर्ण झाल्याची खूण. फोडणीत तडतडलेली मोहरी कधी नाकात जात नाही, कारण गरम तेलात विकर संपलेलं असतं. मोहरीतला तिखट पदार्थ सल्फोराफेनचा चुलत भाऊ म्हणावा असा, तोच नव्हे. पण आमच्या घरात ही युक्ती चार पिढ्या चालत आली होती आणि मी मिक्सर आल्यापासून फेसणं सोडून दिलं होतं, याची मनापासून हळहळ वाटली.

दुसरा बदल म्हणजे पिपल्यापाल्याच्या रीजनल पार्कात रोज पाऊण तास भरभर चालणं. आधी चालून आले की मी क जीवनसत्त्वाची 1,000 मिलिग्रॅमची गोळी घ्यायचे. ती बंद केली. 2009 मध्ये जर्मनीत तरुणांवर चार आठवड्यांचा प्रयोग झाला. क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्यांना व्यायामाचा इन्सुलिनवरचा फायदा मिळाला नाही. व्यायामाने होणारा ताणच शरीराला कामाला लावतो, तो गोळीने पुसून टाकायचा कशाला? आवळा, पेरू, लिंबू चालूच आहेत.

शेजारच्या ताई गोरेपणासाठी ग्लुटाथायोनची पाकिटं घेतात. मी त्यांना एवढंच सांगितलं की ते तीन अमिनो आम्लांचं बनलेलं असतं आणि पोटात गेल्यावर त्यातलं बरंचसं तुटतं. डाळ, दही, अंडी यांतून तेच घटक मिळतात.

आता फरक काय पडला? माझी उपाशीपोटीची साखर 114 वरून 103 वर आली, तीन महिन्यांची सरासरी (एचबीए1सी) 6.1 वरून 5.8. यात चालण्याचा वाटा मोठा आहे असंच मी मानते. मोडांनी पेशींत काय झालं ते घरी मोजता येत नाही, आणि चेहरा उजळला वगैरे काही झालेलं नाही. पहिला आठवडा पोटात गॅस झाला, मग मूठभराची अर्धी मूठ केली. मला थायरॉइडची गोळी आहे, म्हणून तीन महिन्यांनी रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी असते ते, तपासून घेतलं, ते जागच्या जागी होतं. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिरवा पाला एकदम वाढवू नये.

एप्रिलच्या मध्यात बरण्या बिघडायला लागल्या. माळव्याच्या रात्री थंड खऱ्या, पण दुपारी चाळीसच्या वर गेल्यावर दुसऱ्याच दिवशी वास यायचा. लागोपाठ दोन टाकून दिल्यावर मी थांबले. मोहरी, वाफवलेली भाजी आणि पार्क मात्र चालू आहे. बरणी धुऊन, उन्हात वाळवून फडताळात ठेवली आहे. गराडू, आमच्याकडचे थंडीतले कंद, बाजारात दिसायला लागले की बाहेर काढेन.