बायबलच्या शेवटची विषयसूची: कामाची, पण तिथेच थांबू नका

चिंता, क्षमा, मृत्यू असा शब्द काढला की वचनांचे आकडे लगेच सापडतात. रोजच्या प्रश्नांना सूची छान पुरते. ‘चिंता’खाली फिलिप्पैकरांस 4:6 (म्हणजे फिलिप्पैकरांस पत्राचा 4था अध्याय, 6वं वचन) मिळालं, तर 7वं वचनही वाचाच, शांतीचं अभिवचन तिथे आहे. फसगत होते ती सुटं वचन उचलल्याने. देवाच्या मनात तुमच्या भल्याच्या योजना आहेत असं सांगणारं यिर्मया 29:11 सर्रास स्वतःच्या यशासाठी वापरतात. ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेलं आहे आणि आधीच्याच वचनात 70 वर्षांचा काळ सांगितलाय! दुःखाच्या प्रश्नाला मात्र सूची तोकडी पडते. संकटात सापडलेल्या ईयोबाच्या पुस्तकाचे 42 अध्याय सलगच वाचावेत, कारण त्याच्या मित्रांची चुकीची उत्तरंही त्यातच आहेत आणि देव बोलतो थेट 38व्या अध्यायात. प्रत घेताना समासातले संदर्भ (संबंधित वचनांचे आकडे) ठळक छापलेत ना, तेवढं बघा.