बर्फावर नाचायचं की चाकांवर?

लातूरची एक मैत्रीण पेचात आहे. नऊ वर्षांची लेक चाकांवर छान स्केटिंग करते, पण तिला आता आइस डान्सच, म्हणजे बर्फावरचं स्केटिंग-नृत्यच, करायचंय.

आधी जागा बघू. चाकांना गुळगुळीत फरशी पुरते. बर्फाचा रिंक (स्केटिंगचं मैदान) मराठवाड्यात नाहीच, आंतरराष्ट्रीय मापाचा बंदिस्त रिंक थेट डेहराडूनला. म्हणजे बिऱ्हाड हलवणं आलं, आणि खरा खर्च तोच. बूट-पाती त्यापुढे किरकोळ.

त्याहून अवघड, जोडीदार. ऑलिंपिकचा आइस डान्स जोडीनंच होतो. कॅनडाची जोडी टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर १९९७ पासून एकत्र होते, ऑलिंपिक सुवर्ण आलं २०१० ला आणि पुन्हा २०१८ ला. स्थळ शोधण्याइतकंच किचकट काम हे! चाकांवर एकटीचा सोलो डान्सही असतो.

जोडीदाराला हवेत फेकणं नाही म्हणून आइस डान्स सोपा वाटतो. पण व्हर्च्यूच्या पायांवर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती.

पदकाचं म्हणाल तर आइस डान्स १९७६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, चाकांवरचं आर्टिस्टिक (कलात्मक) स्केटिंग नाही. पण हैदराबादच्या अनुपकुमार यामानं २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यातच दोन कांस्यं आणली, आणि हैदराबाद आपल्याला डेहराडूनपेक्षा कितीतरी जवळ.

शाळा सांभाळून खेळायचं असेल तर चाकंच बरी. ऑलिंपिकचाच ध्यास असेल आणि आई-बाबांपैकी एकाला घर सोडून राहणं जमत असेल, तरच बर्फ. ऑलिंपिकच्या सीनियर गटाला किमान वय १७ आहे, त्यामुळे दोनेक वर्षं चाकांवर काढून ठरवलं तरी चालेल.