व्हाळाचं पाणी: थेट, उकळून, गाळून की गोळी टाकून?

गोव्यात सुर्ल्याच्या किंवा नेत्रावळीच्या रानात पावसाळ्यात फिरायला जाणारे पुष्कळ जण एकच बाटली घेऊन निघतात. वर व्हाळ, म्हणजे ओढा, आहेच, असा हिशेब. मला तो पटत नाही. वाहतं पाणी शुद्ध, ही समजूत त्यामागे आहे. पण वाहण्याने घाण पातळ होते, जंतू मरत नाहीत. वरच्या अंगाला गुरं चरतात, गवे आणि रानडुकरं फिरतात, धबधब्यावर आलेली माणसं आडोसा शोधतात. पावसाची मोठी सर आली की ते सगळं व्हाळात उतरतं.

"आम्ही प्यायलो, काही झालं नाही" हे तर ऐकूच नका. जिआर्डिया या परजीवीचे जुलाब एक ते तीन आठवड्यांनी सुरू होतात, 'ए' प्रकारची कावीळ साधारण महिन्याभराने. तोवर व्हाळ कुणाच्या लक्षातही राहत नाही.

झऱ्याचं पाणी व्हाळापेक्षा नक्कीच बरं, पण अगदी उगमाशी भरलेलं. दहा पावलं खाली आलात की तो व्हाळच झाला. शिवाय जांभा दगड छिद्रांचा आणि भेगांचा असतो. मुसळधार पावसात वरचं पाणी नीट न गाळताच त्यातून खाली येऊ शकतं. म्हणून पावसाळ्यात झऱ्याचंही पाणी मी तसंच पिणार नाही.

आता उपाय. उकळणं सर्वांत खात्रीचं: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं लागतात, तेवढी उंची गोव्यात नाही. अडचण इंधनाची. अभयारण्यात चूल पेटवायची नाही, आणि पावसात लाकूडही ओलं.

०.१ किंवा ०.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांचा फिल्टर हलका असतो, जीवाणू आणि जिआर्डिया अडवतो. विषाणू मात्र इतके बारीक की निसटतात. क्लोरीनच्या गोळीचं नेमकं उलट: अर्ध्या तासात जीवाणू-विषाणूंचा बंदोबस्त, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तिला दाद देत नाही आणि गढूळ पाण्यात तिचा जोर ओसरतो. म्हणून पाणी निवळू द्या, कापडाने गाळा, मग फिल्टर, शेवटी गोळी. बाटली उन्हात ठेवण्याचा उपाय आपल्या जून-जुलैत निरुपयोगी.

यातलं काहीच चालत नाही अशीही जागा आहे. खाणींच्या खालच्या बाजूचं लाल पाणी उकळून त्यातले धातू जात नाहीत. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पावसाळ्यात सुपारीच्या कोळे रोगावर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, फवारतात. खालच्या व्हाळात ते उतरू शकतं. तिथे बाटली भरूच नका.

एका दिवसाची वाट असेल तर घरूनच माणशी तीन लिटर न्या. वजन जाणवेल, पण प्रश्नच मिटतो. मुक्काम असेल तर फिल्टर आणि गोळ्या दोन्ही हव्यात, आणि चूल पेटवायची मुभा असेल तिथे उकळणंच बरं.

लेप्टोस्पायरोसिसला तर पाणी प्यायचीही गरज नाही. गुरा-उंदरांच्या मुतातले जंतू पायावरच्या साध्या खरचटीतून शिरतात. व्हाळ तुडवून आल्यावर महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आधी सांगा.